सर्दीचा पेशंट अँटिबायोटिकशिवाय घरी पाठवताना: नव्या डॉक्टरांसाठी

इंटर्नशिप संपवून पहिल्यांदा स्वतःच्या सहीने औषध लिहिणाऱ्यांसाठी, पीएचसीवर नव्याने रुजू झालेल्या मेडिकल ऑफिसरसाठी आणि गल्लीत नुकताच दवाखाना टाकलेल्यांसाठी हे लिहितोय. साध्या सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही हे मी वेगळं सांगायला नको, ते तुम्ही कॉलेजातच पाठ केलंय. अडतं ते पुढे. बाहेर पन्नास माणसं थांबलेली, समोरच्या मावशींनी रोज बुडवलेला, आणि त्या म्हणतात, "जरा पॉवरची गोळी द्या डॉक्टर, मागच्या वेळी एका दिवसात मोकळं वाटलं होतं." तीन गोळ्यांचं पाकीट लिहायला दहा सेकंद लागतात. न लिहिता त्यांना समाधानाने घरी पाठवायला चार मिनिटं लागतात. ती चार मिनिटं कशी वापरायची, एवढाच हा विषय आहे.

माझं म्हणणं असं, की अँटिबायोटिकवर वाद घालत बसू नका. गोळी मागणाऱ्या पेशंटला बहुतेक वेळा तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: मला झालंय काय, हे किती दिवस चालणार, आणि वाढलं तर काय करायचं. याची उत्तरं दवाखान्यात मिळाली नाहीत की त्या जागी अझिथ्रोमायसिन येऊन बसतं.

पहिली पायरी: हात लावून तपासा, आणि तपासताना बोलत राहा

सर्दीचं निदान पेशंट खुर्चीत बसायच्या आतच झालेलं असतं. आवाज बसलेला, नाक लाल, हातात रुमाल. तरीही टॉर्च काढा, घसा बघा, कान बघा, स्टेथोस्कोप पाठीला लावा, आणि तोही शर्टावरून नको. ज्याला तुम्ही हात लावला नाही, त्याला "औषधाची गरज नाही" हे वाक्य टाळाटाळीचं वाटणारच.

तपासताना गप्प बसू नका. "घसा लाल आहे, पण टॉन्सिलवर पू नाही. मानेत गाठी नाहीत. मोठा श्वास घ्या, सोडा, अजून एकदा. छाती मोकळी आहे, घरघर नाही. ऑक्सिजन ९८ आहे." एवढं ऐकलं की पेशंट सैलावतो. पुढे तुम्ही जे सांगणार त्याचं कारण त्याने आधीच ऐकलेलं असतं.

लहान मुलाचा श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. मूल शांत असताना, आईच्या मांडीवर, झबलं वर करून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले तर तो जलद श्वास. जलद श्वास असेल किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर ती साधी सर्दी नाही. न्यूमोनियाचा विचार करा आणि हा लेख तिथेच बाजूला ठेवा.

आणखीही काही जणांना या लेखातून वगळा. खोकला नाही, नाक वाहत नाही, पण ताप चांगलाच आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत आणि जबड्याखालच्या गाठी हात लावला की दुखतात, असं शाळकरी मूल आलं तर तो स्ट्रेप्टोकोकसचा घसा असू शकतो. आपल्याकडे रुमॅटिक फीवर आणि त्यातून खराब झालेल्या हृदयाच्या झडपा अजून बघायला मिळतात, म्हणून तिथे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस द्यायला कचरू नका. घशात राखाडी पडदा दिसला तर घटसर्प समजून ताबडतोब पुढे पाठवा. खोकल्याची उबळ आल्यावर मूल ओकतं, श्वास ओढताना आवाज येतो, तर डांग्या खोकला डोक्यात ठेवा. आणि एकदम चढलेला ताप, अंग मोडून आलेलं, उठवत नाही, असा गरोदर, मधुमेही किंवा म्हातारा पेशंट असेल तर फ्लूचा विचार करून ऑसेल्टामिविर लवकर सुरू करायचा निर्णय घ्या. २००९ चा पुण्यातला स्वाइन फ्लू ज्यांनी पाहिला त्यांना हे सांगावं लागत नाही. ते औषध व्हायरसवरचं आहे, अँटिबायोटिक नव्हे. दोन्ही एकाच चिठ्ठीत सवयीने लिहायचं कारण नाही.

दुसरी पायरी: आजाराला नाव द्या

"काही नाही, नुसती सर्दी आहे" हे वाक्य आजपासून बंद करा. समोरचा माणूस रात्रभर तोंडाने श्वास घेत जागलाय, बसभाडं खर्चून आलाय, आणि तुम्ही म्हणता काही नाही. मग तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि तिथे 'काहीतरी' निघतंच.

त्याऐवजी: "तुम्हाला व्हायरसची सर्दी झालीय. नाक आणि घसा सुजलाय, त्यामुळे हा त्रास होतोय. छातीत उतरलेली नाही." नाव, जागा आणि दिलासा, तिन्ही त्यात आलं. 'व्हायरस' हा शब्द कोविडनंतर समजावून सांगावा लागत नाही, पण त्याने काही जण घाबरतात, म्हणून 'साध्या सर्दीचा व्हायरस' म्हणा.

तिसरी पायरी: दिवस मोजून द्या

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. वेळ कमी असेल तर बाकीचं आटोपतं घ्या, पण ही सोडू नका.

सर्दीचा क्रम बऱ्यापैकी ठरलेला असतो. पहिल्या दिवशी घसा खवखवतो, शिंका येतात, कणकण वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोचतो, नाक चोंदतं, डोकं जड होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो आणि माणसाला जरा बरं वाटू लागतं. सात ते दहा दिवसांत सर्दी ओसरते. खोकला मात्र मागे रेंगाळतो, आणि दोन-तीन आठवडे रेंगाळला तर नवल नाही.

आता पेशंट दवाखान्यात कधी येतो ते बघा. पहिल्या दिवशी कुणी येत नाही. तिसऱ्या दिवशी, त्रास सर्वात जास्त असताना, येतो. त्या दिवशी अझिथ्रोमायसिनची तीन दिवसांची गोळी सुरू झाली की पाचव्या दिवशी त्याला बरं वाटतं. गोळी घेतली नसती तरी पाचव्या दिवशी वाटलंच असतं, पण गुण गोळीला जातो, आणि पुढच्या सर्दीत तो तिचं नाव घेऊनच येतो. यात पेशंटची काही चूक नाही, त्याने पाहिलं ते तसंच आहे. त्याला खोटं न पाडता ही तारखांची गंमत सांगितली की बरेच जण हसतात आणि मानतात.

केसपेपरवर किंवा चिठ्ठीच्या मागे तारखांनिशी लिहून द्या. सोमवारी सुरू झालेली सर्दी असेल तर: 'बुधवारपर्यंत जास्त त्रास. शुक्रवारपासून उतार. पुढच्या बुधवार-गुरुवारपर्यंत सर्दी जाईल. खोकला अजून आठ-दहा दिवस राहू शकतो.' 'थोड्या दिवसांत बरं वाटेल' असलं मोघम लिहू नका. वार लिहिला की घरातले सगळे तो कागद वाचतात, आणि शुक्रवारी खरंच उतार पडला की पुढच्या वेळी तुमचं ऐकतात.

मुलांच्या आईवडिलांना आणखी एक आकडा सांगा. बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे. पावसाळा आणि हिवाळ्यात एक संपते न संपते तोच दुसरी लागते, म्हणून 'दोन महिने सर्दी जातच नाही' असं वाटतं. मध्ये चार दिवस मूल ठणठणीत होतं का, एवढं विचारा. होत असेल तर प्रतिकारशक्तीची टॉनिकं लिहायची गरज नाही.

चौथी पायरी: रंगाचा प्रश्न विचारायच्या आधीच सोडवा

"डॉक्टर, पिवळं पडतंय" म्हणजे इन्फेक्शन आणि इन्फेक्शन म्हणजे अँटिबायोटिक, हा हिशोब लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय. दुर्दैवाने अनेक डॉक्टरांच्याही. हिरवा रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एन्झाइममुळे. लढायला आलेल्या पेशी मरून शेंबडात मिसळतात. चौथ्या दिवशी असा रंग येणारच हे आधी सांगून ठेवलं तर तो आल्यावर पेशंट घाबरत नाही, उलट "डॉक्टर म्हणाले तसंच झालं" म्हणतो. रंगापेक्षा दिवस आणि ताप बघा. दहा दिवस उलटूनही काडीचा उतार नसेल, किंवा बरं वाटू लागल्यावर पुन्हा ताप चढून गाल-कपाळ ठणकू लागलं असेल, तर सायनसचा विचार करायला जागा आहे.

पाचवी पायरी: हातात काहीतरी द्या, आणि ते नीट लिहा

नुसता 'नको' घेऊन कुणी घरी जात नाही. काय करायचं ते गोळ्या लिहितो तसंच, किती आणि किती वेळा या मापात लिहा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा. नाकासाठी सलाइनचे थेंब. तान्ह्या बाळाला दूध पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब, म्हणजे चोंदलेल्या नाकाने दूध तुटत नाही. रात्रीच्या खोकल्याला झोपताना एक चमचा मध, मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोट चाटवूनही नाही, कारण बॉट्युलिझमचा धोका असतो. आपल्याकडे बाळाला मध चाटवण्याची चाल असल्यामुळे हे आजीकडे बघून सांगावं.

आलं-गवती चहा, हळदीचं दूध, कुळथाचं कढण, मऊ भात, यातलं जे त्या घरात होतं तेच सांगा. याने व्हायरस मरत नाही, पण घशाला बरं वाटतं आणि पोटात पाणी जातं. काढ्याची टिंगल करू नका. काढा घेणारं घर हे अँटिबायोटिक न घेता थांबायला तयार असलेलं घर असतं. वाफेचा फायदा फारसा सिद्ध झालेला नाही, आणि उकळत्या पाण्याचं पातेलं लवंडून भाजलेली मुलं कोणत्याही बर्न्स वॉर्डात भेटतील. मोठ्यांना घ्यायची तर घेऊ द्या, मुलांना नको म्हणा.

दोन गोष्टी मात्र ठामपणे थांबवा: बाळाच्या नाकात तेल सोडणं आणि खोली बंद करून ओव्याची किंवा शेणीची धुरी देणं. तेल फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होऊ शकतो, आणि धुराने सुजलेली श्वासनळी आणखी बिघडते. ऊब हवी असेल तर टोपरं घाला, आईने कुशीत घ्या.

तापाला, अंगदुखीला पॅरासिटामॉल. मोठ्यांना ५०० मिलिग्रॅमची गोळी, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर. मेडिकलमधून आणलेल्या 'सर्दीच्या गोळी'तही बहुधा पॅरासिटामॉल असतंच, म्हणून घरी काय चाललंय ते विचारून मगच लिहा. मुलांना किलोला १५ मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. इथे एक सापळा आहे. बाजारात दर ५ मिलीला १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशी दोन ताकदींची सिरपं आहेत, शिवाय थेंब वेगळे. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागतं. म्हणजे १२५ च्या बाटलीतून ६ मिली, २५० च्या बाटलीतून ३ मिली, आणि १०० मिलिग्रॅम प्रति मिली ताकदीच्या थेंबांतून दीड मिली. 'एक चमचा' असं लिहिलंत तर कुठल्या बाटलीतला आणि कुठला चमचा, हे कुणालाच कळणार नाही. बाटली आणायला सांगा आणि मापाच्या टोपणावर पेनाने खूण करून द्या. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना भारतात २०११ पासून बंद आहे, तरी जुन्या चिठ्ठ्यांवर दिसतं.

आता खोकल्याच्या पातळ औषधाबद्दल. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या कफ सिरपमुळे लहान मुलं मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सहसा वापरूच नयेत. क्लोरफेनिरामिन-फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये हा आदेश त्याआधीचा, डिसेंबर २०२३ चा. विष मिसळलेलं नसतं तेव्हाही ही सिरपं मुलांच्या सर्दीला विशेष उपयोगी नाहीत. अँटिबायोटिक टाळलं आणि त्याऐवजी तीन सिरपं लिहिली, याला मी सुधारणा म्हणणार नाही.

मोठ्यांना नाक मोकळं करायचे झायलोमेटाझोलिनचे थेंब द्यायचे तर 'जास्तीत जास्त पाच दिवस' हे चिठ्ठीवर लिहा, नाहीतर थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं. गुंगी आणणारी गोळी लिहिताना धंदा विचारा. रिक्षा, ट्रक, एसटी चालवणाऱ्याला ती फक्त झोपताना.

सहावी पायरी: अँटिबायोटिकचा विषय शेवटी, आणि थोडक्यात

सुरुवातीलाच "मी अँटिबायोटिक देणार नाही" म्हटलं की पेशंट पुढचं ऐकत नाही. आधी वरचं सगळं सांगा. नंतर एक वाक्य: "अँटिबायोटिक जंतूंवर चालतं, या व्हायरसवर नाही. आत्ता घेतलं तर सर्दी तेवढीच राहील, वर जुलाब किंवा अंगावर पुरळ मिळेल." बऱ्याच लोकांनी आधी मागितलेलंच नसतं, त्यांनी मागितलं असं आपण धरून चालतो.

देशातल्या औषधप्रतिकाराचं भाषण ओपीडीत देऊ नका. नाक वाहत असलेल्या माणसाला देशाची चिंता नसते. "उद्या तुम्हाला खरोखर न्यूमोनिया झाला तर हीच गोळी कामाला यायला हवी" एवढं पुरतं. त्याच्या खिशात एखादी स्ट्रिप असेल तर तिच्यावरची लाल उभी रेघ दाखवा. ही रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, ही खूण अक्षरओळख नसलेल्यालाही कळते.

काही वाक्यं हमखास कानावर येणार, त्यांची तयारी ठेवा.

"उद्या लेकीचं लग्न आहे, काहीतरी स्ट्राँग द्या." लग्न आहे हे मान्य करा, घाई नाकारू नका: "उद्या उभं राहता येईल असं करू. सकाळी आंघोळीनंतर ही गोळी, नाकात थेंब, आणि रात्री नीट झोप." त्यांना हवा असतो आराम, आणि तो अँटिबायोटिक देत नाही.

"सुई टोचा एक." सर्दीला सुई नाही. काही ठिकाणी त्या सुईत स्टेरॉइड असतं, म्हणून तासाभरात हलकं वाटतं, आणि मग तुमची पॅरासिटामॉल फिकी पडते. त्या डॉक्टरांवर टीका न करता "मी या आजाराला सुई देत नाही" म्हणा आणि पुढे चला.

"मेडिकलवाल्याने दिली होती, दोन गोळ्या झाल्या. आता कोर्स पूर्ण करू ना?" हा खरा अवघड प्रश्न, कारण 'कोर्स पूर्ण करा' हे आपणच शिकवलंय. तपासून जंतूंचा आजार नाही अशी खात्री असेल तर थांबवा आणि कारण सांगा: तो सल्ला गरज असलेल्या आजारासाठी आहे. उरलेल्या गोळ्या धाकट्यासाठी डब्यात ठेवायच्या नाहीत हेही सांगा.

ब्रिटनमध्ये 'आत्ता घेऊ नका, बरं नाही वाटलं तर अमुक दिवसांनी घ्या' अशी उशिराची चिठ्ठी देतात. मी ती वापरत नाही. आपल्याकडे दवाखान्याच्या पायरीखालीच मेडिकल असतं आणि चिठ्ठी पाच मिनिटांत वटते.

सातवी पायरी: परत कधी यायचं ते लिहून द्या

'बरं नाही वाटलं तर या' याला काही अर्थ नाही. मोठ्यांसाठी: धाप लागली, छातीत दुखलं, ताप तीन दिवसांपुढे गेला, किंवा उतरून पुन्हा चढला. मुलांसाठी: पिणं सोडलं, मलूल पडलं, झटका आला, श्वास भरभर किंवा बरगड्या आत जातायत, कान दुखतोय. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर वाटच बघायची नाही. आईला घरी परतल्यावर नेमकं काय बघायचं हे तिच्याच बाळाचं पोट उघडं करून दाखवा.

दोन आठवड्यांवर खोकला गेला तर थुंकीची तपासणी, हा क्षयरोग कार्यक्रमाचा नियम विसरू नका. रेंगाळलेला खोकला बहुधा सर्दीचाच असतो, पण आपल्या भागात तसं गृहीत धरता येत नाही. म्हणूनच नुसत्या खोकल्याला लेव्होफ्लॉक्सासिन लिहू नका. त्याने टीबी काही दिवस दबतो आणि निदान लांबतं.

कागदोपत्री बाजू

ही लवकर उरकतो. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे, आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. अँटिबायोटिक लिहिताना कारणही चिठ्ठीवर लिहा, असं आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये डॉक्टरांना पत्राने सांगितलंय. हा मला सगळ्यात उपयोगी नियम वाटतो. 'सर्दी, अझिथ्रोमायसिन' असं स्वतःच्या अक्षरात लिहायची वेळ आली की हात थांबतो.

सिस्टर, कंपाउंडर आणि आशाताई यांना तुमचं दिवसांचं गणित शिकवा. तुम्ही आत नको म्हणालात आणि बाहेर कंपाउंडर "साहेब नवीन आहेत, मेडिकलमधून अझी घ्या" म्हणाला, तर सगळं पाण्यात. पोस्टर लावायचं तर लावा, पण लोक ते वाचत नाहीत, पंख्याखालची जागा शोधतात.

शेवटचा प्रसंग, कारण तो पहिल्याच महिन्यात येईल. चौथ्या दिवशी तोच पेशंट परत येतो, चेहरा पडलेला: "काही फरक नाही." वैतागू नका, आणि हार मानून पाकीटही लिहू नका. पुन्हा पहिल्यापासून तपासा, कारण कधीकधी खरंच काहीतरी नवीन झालेलं असतं. नसेल तर त्याचा कागद मागा, तुम्हीच लिहिलेल्या वारांवर बोट ठेवा आणि विचारा, ताप आहे? झोप कशी? परवापेक्षा नाक कसं? बहुतेक वेळा खोकला सोडून बाकी सगळं उतरलेलं निघतं. त्याच कागदावर पुढची तारीख लिहून द्या. या दुसऱ्या भेटीची फी घेऊ नये, असं माझं मत आहे.